संदेश संपला

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, फाटक्या आच्छादनाखाली मी पडून असतो. माझी काही बटणे झिजून गुळगुळीत झाली आहेत आणि फीत वाळून कोरडी ठणठणीत पडली आहे.

एका कारखान्यात कारागिरांनी माझी एकेक कळ हाताने बसवली. तिथून मी थेट सरकारी कचेरीत आलो. बदल्यांचे हुकूम, रजेचे अर्ज, पंखा दुरुस्तीची स्मरणपत्रे, काय काय म्हणून सांगू! माझ्यावर काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका अधिकाऱ्याचे चुकलेले वाक्य न विचारता दुरुस्त केले. 'सांगितले तेवढेच टाइप करावे, डोके चालवू नये' अशी लेखी समज त्यांना मिळाली आणि तीसुद्धा त्यांनाच माझ्यावर टाइप करावी लागली. कचेरी आठवडाभर हसत होती. ताईही हसल्या, पण तो कागद त्यांनी घडी घालून आपल्या ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवून दिला.

पुढे संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. मग नदीपलीकडच्या देशाशी युद्ध पेटले. संगणकातून गुपिते फुटतात म्हणून मला पुसून, तेल घालून बैठकीच्या खोलीबाहेर मांडले. खोलीचे दार उघडेच असे. "काय खणखणीत चालतो हो म्हातारा!" असे खुद्द मोठे साहेब म्हणाले. सगळ्या देशाचा कारभार त्यांच्या हाती होता. खोटे का सांगू, मी फुशारून गेलो.

रोज सकाळी ताई दोन कागद टाइप करत. लाल फाइलीत पूल ओलांडून मोठा हल्ला चढवण्याचा हुकूम, निळ्या फाइलीत बोलणी सुरू करण्याचे पत्र. सेनापती लाल फाइल पुढे सरकवत, सचिव निळी. साहेब दोन्हींकडे बघत बसत, त्यांचा चहा निवून जाई आणि शेवटी ते म्हणत, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तारीख बदलून तेच दोन कागद. ताईंचा धाकटा भाऊ त्या पुलावरच्या तुकडीत होता. तरीही कागद कोणताही असो, त्यांची बोटे सारख्याच जोराने पडत. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटे. नंतर मलाही काही वाटेनासे झाले.

चाळिसाव्या दिवशी दुपारी पलीकडून फोन आला. पलीकडचेही आपलीच भाषा बोलतात. त्यांच्या कचेरीतली एक बाई मजकूर सांगत होती. 'संदेश सुरू' आणि 'संदेश संपला' यांच्यामध्ये जे येईल तेवढेच टाइप करायचे, असा नियम होता. ताईंनी टाइप केले, 'आम्ही पुलापाशी थांबत आहोत.'

"संदेश संपला," ती बाई म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. "ताई, आमच्याकडून सगळं बंदच होतंय हो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पण करा एकदाचं बंद. माझा मुलगा त्या पुलावर आहे."

ताईंची बोटे माझ्या बटणांवर होती. एकही बटण दाबले गेले नाही.

कागद आत गेला. "थांबत आहोत म्हणजे काय? वाट बघतायत आपली! टपून बसलेत," सेनापती म्हणाले.

"अहो, थांबतोय म्हणजे पुढे येत नाही. लढाई थांबवतायत ते!" सचिव म्हणाले.

साहेबांनी दाराकडे पाहिले. "ताई, फोन तुम्ही घेतलात ना? आणखी काही म्हणाले का?"

ताई उठून दारात उभ्या राहिल्या. मी श्वास रोखला असता, पण मला श्वासच नाही.

"संदेश एवढाच होता, साहेब."

नियमाप्रमाणे ते खरेच होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि लाल फाइल ओढून घेतली.

तीन दिवसांनी पुलावर मेलेल्यांची यादी ताईंनी माझ्यावर टाइप केली. सातवे नाव धाकट्याचे होते. बोटे सारख्याच जोराने पडली. मग आठवे, मग नववे. एकशे बारा नावे झाल्यावर त्यांनी कागदांचे कोपरे नीट जुळवले, यादी आत नेऊन दिली आणि जागेवर येऊन एक कोरा कागद चढवला. त्यावर त्यांनी एकच ओळ टाइप केली, 'माझा मुलगा त्या पुलावर आहे.' मग पर्स उचलून त्या घरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर मी कपाटात आलो. तो कागद काढायचे कोणाला सुचले नाही, तो अजून माझ्यातच अडकलेला आहे.

मित्रांनो, कधी कपाट उघडलेत तर मला तेल घाला किंवा घालू नका, माझे काही म्हणणे नाही. तो कागद तेवढा वाचा. आणि 'संदेश संपला' म्हणूनही कोणी फोन ठेवला नाही, तर त्याचे पुढचे बोलणे आत जाऊन सांगा.