सिंधु कुणाच्या वाटणीला

नांदेडचं दोन खोल्यांचं घर, त्यावरचं न फिटलेलं कर्ज, जळकोटचा प्लॉट, कपाट, फ्रीज, शिलाई मशीन, सगळ्यावर बोलणं झालं होतं. ऋतुजा आणि दयानंदचा घटस्फोट संमतीचा होता, त्यामुळे मल्लिनाथ वकिलांना वाटलं होतं, दोन बैठकांत काम उरकेल. अडलं ते चांदीच्या एका टाकावर.

नखाएवढा तो टाक. त्यावर एका बाईचं ओबडधोबड ठोकलेलं रूप. ही दयानंदची पहिली बायको सिंधु, बाळंतपणात गेलेली. ऋतुजाचं लग्न लागलं आणि सासूबाईंनी तो काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. "हिला इसरू नको बाई. इसरलीस तर ही तुला सुखानं नांदू द्यायची न्हाई." तेव्हापासून नवी साडी आधी सिंधूला, पहिला घास सिंधूला. सवत मेली तरी तिचा मान मरत नाही, उलट वाढतो; जिवंतपणी कोण विचारतं?

सुरुवातीला ऋतुजाला सवतीची भीती वाटायची. मग नवऱ्याचीच वाटू लागली. रोज संध्याकाळी कामावरून आला की तो तिच्यासमोर बसायचा, तिच्या गळ्यातला टाक चिमटीत धरायचा आणि दिवसभराचं सगळं त्या टाकाला सांगायचा. साहेब काय बोलले, गुडघा कसा दुखतो. मग टाक गालाला लावायचा. "बघ, कशी गरम हाय. जित्ती हाय ती." ऋतुजाचा श्वास त्याच्या कपाळावर पडत असायचा, पण त्याची नजर तिच्या हनुवटीच्या वर कधी चढली नाही. एकदा ती तापानं फणफणली होती, तेव्हा तो हरखून म्हणाला, "आज लई गरम झाली सिंधु!" त्याच दिवशी ऋतुजानं मनाशी ठरवलं आणि अंगातला ताप उतरल्यावर शिरूर अनंतपाळला माहेरी निघून गेली.

आता वकिलांसमोर दयानंद म्हणाला, "घर तिला देतो. कर्ज मी फेडतो. तेवढी सिंधु मला द्या."

वकील ऋतुजाकडं झुकले. "ताई, असा सौदा पुन्हा यायचा नाही."

सौदा चांगला होता, आणि म्हणूनच ऋतुजा आतून जळाली. मेलेलीसाठी हा माणूस घर सोडायला निघाला. जितीला 'थांब' एवढंही म्हणाला नव्हता. सासूचे शब्दही आठवत होते. टाक उतरवला आणि सिंधु मागं लागली तर? आणि नाही लागली तर? त्या घरात ऋतुजाला तरी दुसरं कोण होतं? स्वयंपाक करताना ती सिंधूशीच बोलायची. तिनं गळ्यातला टाक चिमटीत धरला आणि सोडून दिला. मग म्हणाली, "द्या लिहून."

कागदांवर सह्या झाल्या. ऋतुजानं मान वाकवून दोरा सोडवला. दयानंदनं ओंजळ पुढं केली. टाक तीत पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि एवढं सगळं होऊनही ऋतुजाला त्याची दया आली.

बाहेर जिन्यापाशी ती चपला घालत होती, तेवढ्यात तो धावत आला. ओंजळ तशीच धरलेली, तोंडावरचा रंग उडालेला.

"ऋतुजा, थंड पडली ही."

तो टाकावर फुंकर घालत होता, गालाला लावत होता, पुन्हा बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि थेट तिच्या तोंडाकडं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

"जरा गळ्यात घालतीस का? थोडाच येळ. गरम झाली की लगेच घेतो."

सवयीनं तिचा हात पुढं गेला. टाकाला बोट लागलं. तिनं हात मागं ओढला आणि आपल्या मोकळ्या गळ्यावर ठेवला. गळा गरम होता.

"न्हाई," ती म्हणाली. "वाटणी झाली."