दोन बोटं खाली

मयुरीच्या कारचे मागचे दोन्ही शॉकअप गेले होते. बोरगाव मेघेहून केळझरच्या शाळेत ती रोज याच गाडीने जायची, विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी परतायची. मोठ्या रस्त्यावर जरा वेग घेतला की गाडी नावेसारखी डोलायला लागायची. एखाद्या उंचवट्यावरून गेली की मागचा भाग बराच वेळ वरखाली होत राहायचा. मेकॅनिक निकेशने गॅरेजात गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि शॉकअपच्या नळीवरून ओघळलेलं तेल तिला दाखवलं.

"मॅडम, हे संपले. पुढचेही जाऊनच राह्यले. चारही बदलून टाका," तो म्हणाला. "होते तसेच टाकू?"

मयुरी लगेच हो म्हणाली नाही. गाडी घेतली तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगताना आपल्यालाच हसू येईल असं तिला वाटायचं. टायर आणि वरची कमान यांच्यात राहणारी ती मोकळी जागा तिच्या डोळ्यांत खुपायची. जमिनीला धरून, जराशी दबून उभी राहणारी गाडी तिला मनापासून आवडायची. शाळेतली बाई, घरी कंबर धरून बसलेले वडील, आणि मधल्या सुटीत डबा खाताना मोबाइलवर बघते काय, तर स्प्रिंगा.

"गाडी खाली आणणाऱ्या, लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या तर?" तिने विचारलं.

निकेश हसला नाही. टॉर्च खिशात ठेवून तो म्हणाला, "टाकता येते. पण मग नुसत्या स्प्रिंगा बदलून भागत नाई. आखूड स्प्रिंगेखाली साधा शॉकअप ठेवला, तर त्याले हालाले जागा भेटत नाई. तळाले आपटते अन् लवकर बसते. घ्यायचंच तर जोडीनं घ्या, त्या स्प्रिंगेसाठी बनवलेला शॉकअप. अन् दोन बोटांपेक्षा जास्त गाडी खाली आणू नका. रोजची गाडी हाय तुमची."

"बसायला कडक होईल?"

"थोडी होईल. काकाजी बसतात न गाडीत?"

काकाजी म्हणजे मयुरीचे वडील, प्रेमदास. वर्धा डेपोत त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली होती. मागच्या वर्षी कंबरेचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी स्टिअरिंगला हात लावणं सोडलं. कंबरेच्या व्यायामासाठी मयुरी त्यांना आठवड्यातून एकदोनदा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दोघंच.

निकेशच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला तशाच स्प्रिंगा होत्या. त्याची परवानगी काढून रविवारी निकेश म्हणाला, एक चक्कर मारून या, काकाजींनाही बसवा, मग ठरवा.

पवनारच्या बाजूला रस्ता वळतो तिथे मयुरीने नेहमीच्याच वेगाने गाडी वळवली. गाडी कलली नाही, रेंगाळली नाही. हाताने म्हटलं आणि चाकांनी ऐकलं, इतकं सोपं. मयुरी स्वतःशीच हसली. परतताना तिने मुद्दाम आतला रस्ता घेतला. एका ब्रेकरवर गाडीने खालून धक्का दिला, बेताचाच, पण थेट. तिने बाजूला पाहिलं. प्रेमदासांचा हात दाराच्या वरचं हँडल गच्च धरून होता. चेहऱ्यावर काही नव्हतं.

गॅरेजात किल्ली परत देताना ती म्हणाली, "साधेच टाका."

घरी आल्यावर प्रेमदासांनी चहा ठेवला. ऑपरेशननंतर एवढं एक काम त्यांनी हट्टाने स्वतःकडे ठेवलं होतं. पाठमोरे उभे राहूनच त्यांनी विचारलं, "काऊन बदललं मन?"

"असंच. रोजचं जाणं-येणं हाय, उगाच कशाले."

"माहा हात पाह्यला न तू?"

मयुरीने कप काढून ओट्यावर ठेवले.

"दुखलं मले, खोटं नाई सांगत," ते म्हणाले. "पण मागच्या साली तू पुण्याचं ट्रेनिंग सोडलं, तवाही म्हणली, असंच. मैत्रिणींसोबत फिराले जानार होती, तेही सोडलं. तू सोडते, अन् त्याचं ओझं मले उचलावं लागते. माही कंबर त्याच्यानं जास्त दुखते."

"अन् तुमाले त्रास झाला तर?"

"झाला तर सांगीन. तोंड हाय मले. तू इचारतच नाई, मनातल्या मनात ठरवून टाकते."

मयुरीला ते लागलं. आपण वडिलांचा विचार करतो, याचा तिला आतून थोडा अभिमान होता. पण त्या विचारात वडिलांना तिने कधी बोलूच दिलं नव्हतं. पुण्याला जायचं नाही हे तिने ठरवलं, तेव्हाही ते याच खोलीत पेपर वाचत बसलेले होते.

पुढचे काही दिवस ती शाळेत जाता-येता रस्त्याकडे वेगळ्या नजरेने बघत राहिली. खड्डे कुठे आहेत, पाण्याचा पाट कुठे आडवा येतो, कुठे बाजूला घ्यायला जागा आहे. बराचसा रस्ता चांगलाच होता. मग एका संध्याकाळी तिने सरळ विचारलं, "बाबा, टाकू का मी त्या स्प्रिंगा?"

"टाक न," प्रेमदास म्हणाले. "पण निवडाले मले घेऊन चाल."

निकेशने दोन जोड्या समोर ठेवल्या. एक गाडीला अगदीच खाली आणणारी, दिसायला देखणी. मयुरीची नजर तिच्यावर रेंगाळली, हे प्रेमदासांच्या लक्षात आलं. तिनेच दुसरी उचलली, दोन बोटांची. शॉकअपमध्येही जरा मऊ होते ते घेतले. प्रेमदासांनी फक्त निकेशला सांगितलं, "अलाइनमेंट नीट करजो. उंची बदलली का चाकं तिरपी होते."

गाडी तयार झाली तेव्हा मयुरी तिच्याभोवती दोनदा फिरली.

सुख फार टिकलं नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी लोकांनी स्वतःच एक उंच ब्रेकर बांधून ठेवला होता. त्यावर गाडीचं पोट खरखरत घासलं. दुसऱ्या वेळी प्रेमदास म्हणाले, "थांब." दार उघडून ते सावकाश उतरले, ब्रेकर पायी ओलांडला. मयुरीने रिकामी गाडी तिरपी करून पलीकडे काढली आणि ते पुन्हा बसले. हे दर वेळचंच झालं. एकदा शेजारच्या प्रमिलाबाई फाटकाशी उभ्या होत्या.

"प्रेमदासभाऊ, पोरीनं गाडीतून उतरवलं का तुमाले?"

मयुरीचे कान तापले. घरात शिरताच ती म्हणाली, "काढून टाकते मी ते सगळं. होतं तसं करून घेते."

"डॉक्टर चालाच म्हणते मले," प्रेमदास खुर्चीत टेकत म्हणाले. "अन् त्रास झाला तर सांगीन, म्हटलं होतं. सांगितलं का अजून?"

तिने स्प्रिंगा काढल्या नाहीत, पण मनातली खुटखुट गेली नाही. पुढच्या वेळी सेवाग्रामहून परतताना तिने प्रत्येक खड्डा जीव मुठीत धरून चुकवला. अर्ध्या वाटेत प्रेमदासच बोलले.

"खड्ड्यात मार बसते हिचा. ते खरं हाय. पण ते डोलणं गेलं. त्या डोलण्यानंच माही कंबर भरून येत होती. मले वाटे, ऑपरेशनच बिघडलं."

मयुरीने गाडी बाजूला घेऊन थांबवली. "एवढे दिवस काऊन नाई सांगितलं?"

"तू लगेच गाडी इकाले निघाली असती."

"म्हणजे तुमीही मनातच ठरवलं."

प्रेमदासांनी समोर पाहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसले. "हो. माह्याकडूनच आलं असन तुह्यात."

त्या रविवारी केळझरला गणपतीच्या टेकडीखाली राहणाऱ्या एका जुन्या कंडक्टर मित्राला भेटायला दोघं निघाले. पवनार मागे पडलं. डाव्या-उजव्या बाजूला कापूस फुटला होता. मयुरी शाळेतलं काहीतरी सांगत होती, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की हुंकार येत नाही. प्रेमदासांची मान खिडकीकडे कलली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळा. ऑपरेशननंतर चालत्या गाडीत ते पहिल्यांदाच झोपले होते.

केळझरचं वळण आलं. आत वळलं की गावातले ब्रेकर होते. ती वळली नाही. वेग तसाच ठेवून ती सरळ नागपूरच्या दिशेने जात राहिली.