खळ लावलेले मोजे

मला किळस फार लवकर येते. कपाच्या कडेला दुसऱ्या कुणाच्या ओठांचा ठसा दिसला, की माझा चहा तिथेच संपला. आणि नोकरी कुठे, तर लाँड्रीत, डागांच्या टेबलावर. लोक कपडे टाकून जातात, मी ते उलटे करून बघते, डाग कशाचा ते ठरवते आणि त्याप्रमाणे औषध लावते. रक्त, ओकारी, कॉलरवर साचलेला मळ, सगळं बघून झालंय. पण ग्लोव्हजवर ग्लोव्हज चढवल्याशिवाय मी शर्टाच्या बटणालाही हात लावत नाही. मालक म्हणतो, तुला बघूनच निम्मे डाग पळतात.

मॅरेथॉन मला जमली ती ह्याच स्वभावामुळे. बेचाळीस किलोमीटर म्हणजे पहाटे निघायचं आणि जेवायच्या आत घरी. घाम येतो, पण तो आपला आपल्याला. पाच मॅरेथॉन पळाले आणि पाचही वेळा भाजी आणायला गेल्यासारखी घरी आले. पाचव्या वेळी नवरा दारातच म्हणाला, तू धावतेस की इस्त्री करतेस? थट्टाच केली त्याने, पण मला झोंबली. कारण खरं होतं. दरवेळी माझ्यात काहीतरी शिल्लक राहायचं आणि ते काय आहे हे मला कधी कळायचं नाही. मला एकदा ते तळापर्यंत बघायचं होतं. म्हणून अल्ट्रा. पंच्याहत्तर किलोमीटर.

अल्ट्रावाले लोक म्हणजे नुसती घाण. पळता पळता खातात, खाता खाता ओकतात आणि तोंड पुसून पुन्हा खातात. आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त मास्तरांनी स्वतःच्या पायांची गळून पडलेली नखं गोळ्यांच्या डबीत जपून ठेवली होती. एकदा सरावानंतर त्यांनी ती डबी माझ्यासमोर उघडली, नातवाचे फोटो दाखवावेत तशी कौतुकाने. मी दोन दिवस नीट जेवले नाही. कोच म्हणाला, मॅरेथॉन पायांनी पळतात आणि अल्ट्रा पोटाने, खायला शिका. शिकले. एका हातात उकडलेला बटाटा धरून, डोळे मिटून, औषध घ्यावं तशी शिकले.

त्यात ह्या शर्यतीचा एक नियम. खाण्याच्या प्रत्येक टेबलावर तुमचा सोबती हजर पाहिजे. तोच तुम्हाला खायला घालणार, तोच पाय बघणार. सोबती नाही तर नंबर नाही. नवऱ्याचा उपयोग शून्य. दाढी करताना ब्लेड लागलं तरी ह्याला बसायला खुर्ची लागते. उरली कोण, तर नणंद.

तिला घरात सगळे छोटी म्हणतात. चाळिशी उलटली तरी छोटीच. तिचं कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आहे, आणि ते दुकान ती अंगावर घेऊन फिरते. बाहीवर केस, नखात फेस. बोटं चाटते आणि त्याच बोटांनी पेपरचं पान उलटते. नाक बाहीला पुसते. माझ्या ताटातलं उचलून खाते आणि वर विचारते, मीठ कमी नाही का गं? देवाने किळस वाटली तेव्हा ही बाई रांगेतच नव्हती, असं माझं कित्येक वर्षांचं मत. मी विचारलं तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं. त्याच तोंडाने ती म्हणाली, येते की. आणि एक शीत माझ्या हातावर येऊन पडलं.

आता माझी अक्कल ऐका. मोज्याला सुरकुती पडली की पायाला फोड येतो, हे पळणारा प्रत्येक जण सांगतो. आणि सुरकुतीचं काय करायचं हे मला कोण शिकवणार? आदल्या दिवशी लाँड्रीत मी माझे मोजे धुतले, हलकी खळ लावली आणि कडक इस्त्री केली. जास्तीचे दोन जोडही तसेच. टेबलावर ठेवले तर पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहिले. मला अभिमानच वाटला.

शर्यत कालव्याच्या काठाने होती. अर्ध्यापर्यंत मी मजेत होते. छोटी प्रत्येक टेबलावर उभी असायची, हातात बटाटा, तोंडात अर्धा बटाटा. मग ऊन चढलं, पायांना घाम सुटला आणि खळ भिजली. आधी मोजे चिकट झाले, मग बोटं एकमेकांना डकली. दर पावलाला आत काहीतरी सोललं जात होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय. पोटानेही त्याच वेळी दावा साधला. शेवटून दुसऱ्या टेबलापाशी पोचले तेव्हा पोटात घोटभर पाणीही ठरत नव्हतं. तिथला पंच हातात झेंडा धरून बसला होता. झेंडा खाली यायच्या आत जो टेबल सोडणार नाही, त्याची शर्यत तिथेच संपणार होती.

छोटीने मला खुर्चीत ढकललं आणि बूट ओढून काढले. मोजा निघेना. तो सोलावा लागला. खळ आंबली होती. त्याचा, घामाचा आणि रक्ताचा मिळून असा वास सुटला की शेजारचा सोबती आपल्या माणसाला घेऊन पलीकडे सरकला. मला माझीच शिसारी आली. मी म्हटलं, ग्लोव्हज घाल. ती म्हणाली, ग्लोव्हजने खळ निघत नाही, नुसती सरकते. आणि उघड्या बोटांनी तिने माझ्या बोटांच्या बेचक्यांतून तो लगदा काढला, फोड फोडले. एकाचं पाणी तिच्या गालावर उडालं. ते तिने बाहीला पुसलं. मग म्हणाली, आलेच, आणि पाण्याच्या टाकीमागे गेली.

टाकीमागून ओकण्याचा आवाज आला. चांगला पोटातून.

ती परत आली. चूळ भरली, हात धुतले, बटाटा घेतला. डोळ्यांत पाणी होतं.

"तू ओकलीस?" मी विचारलं.

"हो."

"अगं, तू तर दिवसभर कुत्र्यांचं सगळं करतेस."

"कुत्र्यांचीही किळस येते, वहिनी. रोज येते. तुझ्या पायांची जरा जास्तच आली. म्हणून काय पाय तसेच ठेवायचे? तोंड उघड."

हिला किळस येत नाही असं मी धरून चालले होते, आणि त्यावरून तिला इतकी वर्षं खालची समजत आले होते. आणि मी? किळस आली की मी हात मागे घ्यायची आणि त्याला स्वच्छता म्हणायची. लाज वाटली. मी तोंड उघडलं. तिच्या बोटांना अजून आंबूस वास होता. बटाटा वर आला, मी तो परत खाली ढकलला.

तिने पिशवीतून कोरडे मोजे काढले. ताठ, कडक, खळ लावलेले. दुसरा जोडही तसाच. ती आधी मोज्यांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

"वहिनी, तुझ्यासारखी तूच," ती म्हणाली आणि खाली बसून आपले बूट काढायला लागली. तिचे मोजे सकाळपासून पायात होते. ओलसर, गरम, टाचेला भोक, त्यात पांढरे केस अडकलेले. पंच उठून उभा राहिला. मी पाय पुढे केले.

त्या मोज्यांतली ऊब मला अजून आठवते आणि अजून अंगावर काटा येतो. शेवटपर्यंत मला किळस येत होती: पायांची, तोंडातल्या चवीची, वाटेत दोनदा ओकले त्याची, बाहीला नाक पुसलं त्याची. माझ्यात शिल्लक राहायचं ते हेच होतं. ते संपलं नाही. ते बरोबर घेऊन पळता येतं, एवढं मात्र कळलं. मी पोचले तेव्हा मागे दोनच जण उरले होते.

छोटी मोज्यांशिवाय नुसते बूट घालून उभी होती. पाणी पीत होती. तिने तीच बाटली माझ्यापुढे धरली. तोंडाला बटाट्याचा कण चिकटलेला. मी तो बघितला आणि प्यायले.

"तुझे मोजे धुऊन देते," मी म्हटलं.

"दे," ती म्हणाली. "पण खळ लावू नकोस."