बुरशीवर पोसलेला भुंगा

घड्याळजींच्या बायकोला नवऱ्याने पाळलेल्या भुंग्यांचं कौतुक कधीच नव्हतं. काळेकुट्ट, शिंगवाले, आणि त्यांची पिल्लं म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या गुबगुबीत अळ्या! पण यंदा त्या अळ्या एकेक करून मरायला लागल्या, घड्याळजींची अन्नावरची वासनाच उडाली, आणि तिचा जीव टांगणीला लागला. अंडी घालणारी मादी आधीच गेली होती. या अळ्या गेल्या की त्यांनी इतकी वर्षं जपलेलं वाण संपलं.

माणूस भलता टापटिपीचा. अळ्यांसाठी आणलेला लाकडाचा भुसा आधी कडक भाजायचा, मग बरण्यांत भरायचा, आणि त्यात बुरशीचा ठिपका दिसला की घड्याळाच्या चिमट्याने वेचून काढायचा. बायको मात्र मागच्या खोलीत भुशाच्या पिशव्यांत मशरूम पिकवायची, म्हणजे बुरशीच पोसायची की! "तुझ्यातला एक कण माझ्या बरण्यांत येता कामा नये," हा घरातला कायदा होता.

एका सकाळी ती पीक संपलेली पिशवी टाकायला परसात गेली. जुन्या पिशव्यांचा ढीग उकरते तो काय! कुठल्याशा रानभुंग्याच्या अळ्या, अंगठ्याएवढ्या जाड, बुरशीने पांढऱ्या पडलेल्या भुशात मजेत लोळत होत्या. ती तशीच हात न धुता दुकानात गेली.

"अहो, तुमच्या अळ्या उपाशी मरतायत!"

"भुसा काय कमी आहे?"

"नुसता भुसा पचत नाही त्यांना. बुरशी लाकूड मऊ करते, मग त्या लाकडासकट बुरशी खातात. अळी पोखरत जाते, तिच्या मागून बुरशी आत शिरते. दोघींचंही भागतं. आणि तुम्ही रोज त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलताय!"

घड्याळजी भडकले. "मला शिकवू नकोस. बुरशीने मरतील त्या."

"मरतायतच की! निदान पोटभर खाऊन मरू देत."

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. उरल्यासुरल्या अळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या पांढऱ्या पिशवीत सोडल्या, पण चेहरा असा, की लेक वैऱ्याच्या घरी देताहेत.

अळ्या आत शिरल्या त्या दिसेचनात. ती येता-जाता पिशवीला कान लावायची. आणि एके दुपारी आतून ऐकू आलं, करकर, करकर.

"अहो, या लवकर! खातायत!"

घड्याळजींनी कान लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. त्या दिवशी ते पोटभर जेवले. तिला इतका आनंद झाला की भांडी घासताना ती मोठ्याने गात होती.

महिने गेले. अळ्या फुगल्या, कोषात गेल्या. मग एक दिवस पिशवी आतून टरकन फाटली आणि आधी शिंगं बाहेर आली. एवढा दांडगा भुंगा त्या घराने पाहिला नव्हता! तिने कौतुकाने बोट पुढे केलं, तर पठ्ठ्याने ते शिंगांत करकचून धरलं. रक्तच आलं.

"थांब, थांब, सोडवतो!" घड्याळजी धावले.

"खबरदार हात लावाल तर! अहो, जोर बघा त्याचा, जोर!"

बोटाला लोंबणारा भुंगा उंच धरून ती तशीच गल्लीत निघाली आणि दारोदार बेल वाजवत सुटली. मागून घड्याळजी, पायात चप्पलही नाही, जो दार उघडेल त्याला ओरडून सांगत होते, "हिने वाढवला! हिने!"