पेनाची अक्षरं मला वाचता येत नाहीत

मित्रांनो, मला तुम्ही कधी हात लावला नसेल, कारण मला अंगच नाही. मी एक जुना फॅक्स-प्रोग्राम आहे. बोलिव्हियाच्या डोंगरात, कथिलाच्या खाणीवरच्या कचेरीत, एका संगणकात माझा जन्म गेला. टेलिफोनच्या तारेतून शहरातल्या कागदाचं चित्र यायचं. ते मी उतरवून घ्यायचो, त्यातली छापील अक्षरं ओळखायचो आणि कारकून नेलिदाला मजकूर छापून द्यायचो. खाणीवर तार एकच आणि तिच्यावर मीच बसलेला.

खाणीचा विषारी गाळ अडवायला वर एक बांध होता. बांधाखाली मजुरांची घरं, त्यात नेलिदाची धाकटी बहीण हिलारिया आणि तिच्या दोन मुली. बांध पाहून गेले की इंजिनियर सातुर्निनो शहरातून अहवाल पाठवत. छापील मजकूर कंपनीला रुचेल असा. खरं काय ते समासात पेनानं.

पेनाचं अक्षर मला कधीच वाचता आलं नाही. त्या जागी मी फुल्या, कंस, टिंबं असलं काहीबाही छापायचो.

"बरळला मेला!" नेलिदा हसायची. "बघू तरी, साहेबांनी काय खरडलंय." मग ती मूळ चित्र उघडायची. माझ्या गबाळेपणाचा तेवढाच उपयोग होता.

पुढे व्यवस्थापक बेनिग्नोसाहेबांनी अक्षरं ओळखणारा नवा प्रोग्राम आणला. एकच कागद दोघांना वाचायला दिला.

"बघ, एक ठिपका नाही! आणि तुझं म्हातारं? कोंबडी नाचल्यासारखं!"

"पण साहेब, समासातलं कुठं गेलं?"

"डाग समजून पुसतो तो. हुशार आहे."

मी हरलो. माझ्याकडे फक्त चित्र उतरवायचं काम उरलं. सुरुवातीला नेलिदा चित्रं उघडून बघायची. पण कागद इतके नेटके येऊ लागले, की तिची सवय मोडली. मला त्याची भीती वाटायची.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर पावसाळ्यात, पावसानं झोडपून काढलं. अशात अहवाल आला. समासात पेनाच्या जाड ओळी होत्या, खाली दोनदा रेघ मारलेली. नवख्यानं त्या पुसल्या.

थोड्या वेळानं हिलारिया चिंब भिजून आली. "ताई, बांधाच्या पायथ्याला पाणी पाझरतंय गं. पोरींना घेऊन तुझ्याकडे येऊ का?"

"अगं घाबरट! हा बघ, आत्ताच अहवाल आलाय. 'बांध सुस्थितीत.' कशाला अंथरुणं ओढत बसतेस? जा, सूप चढव. मीच येते जेवायला."

हिलारिया परत गेली. लगेच दुसरा कागद आला. त्यावर छापील एकही अक्षर नव्हतं, सगळं पेनानंच लिहिलेलं. नवख्यानं कोरा कागद बाहेर टाकला.

"कोराच आलाय, साहेब."

"तारेत पाणी शिरलं असेल. फेक तो."

नेलिदानं तो टोपलीत टाकला, शाल पांघरली आणि बहिणीकडे खाली निघाली. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. मी तार उचलली. चित्राची एक पट्टी आली आणि तार मुकी झाली. ती आजतागायत मुकीच आहे.

मित्रांनो, नेटक्या कागदावर भरवसा ठेवण्याआधी मूळ कागद बघत जा. ती दोन्ही चित्रं मी जपून ठेवली आहेत. त्यांत काय लिहिलंय, ते मला वाचता येत नाही. आणि नेलिदा अजून आलेली नाही.