बाबांची नोकरी आणि एक चिठ्ठी

यवतमाळ-कळंब गाडीवर धर्मपाल बावीस वर्षं वाहक होते. खाकी शर्टावर बिल्ला, खांद्याला चामडी पिशवी आणि एक नेम: कुठं उतरायचं हे नीट विचारल्याशिवाय कुणाच्याही हातावर तिकीट ठेवायचं नाही.

त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, कापसाला भाव नव्हता. जावयाची कापसाची जिनिंग मिल निम्मा हंगाम बंदच होती. त्यात तीन वर्षांच्या नातवाचं, सुगतचं, दुखणं. हातपाय सुजायचे, पोर कळवळायचं. कोणी संधिवात म्हणालं, कोणी नजर लागली म्हणालं. शेवटी मुलगी ममता आणि धर्मपाल त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात आले.

तरुण डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "सिकलसेल आहे. आईची तपासणी झाली होती?"

ममतानं पर्समधून जुनी चिठ्ठी काढली. लग्नाआधी कॉलेजच्या रक्ततपासणी शिबिरात मिळालेली. "यात काही निघालं नव्हतं. फक्त बाबांची नोकरी लिहिली होती."

चिठ्ठीवर होतं, 'ममता धर्मपाल. सिकलसेल : वाहक.'

डॉक्टर भडकले. "अहो, स्पष्ट लिहिलंय! शिकलेली माणसं तुम्ही. नवऱ्याची तपासणी न करता लग्न लावलंच कसं?"

"साहेब, वाहक तर मी आहो," धर्मपालांनी बिल्ला दाखवला.

डॉक्टरांना हसू फुटलं. मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "मंग चालक कोन हाय, डॉक्टर?" सगळी रांग खिदळली!

हसल्या नाहीत त्या फक्त जमनी सिस्टर. त्या पुढे आल्या. "काका, या रोगात वाहक म्हंजे ज्याच्या रक्तात रोगाचा अंश हाय, पण ज्याले स्वतःले रोग नाही. ममता धडधाकट हाय. पण नवराबी वाहक निघाला, तर दर लेकराले हा रोग व्हाचा चारात एक धोका असते. रक्तातल्या गोल पेशी इळ्यावानी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात. म्हणून पोरगं रडते."

धर्मपालांचा चेहरा लाल झाला.

"हे चार शब्द तवा काहून नाही सांगतले? माह्या गाडीत अडाणी म्हातारी बसली, तरी मी इचारतो, माय, कुठं उतरतं? मंगच तिकीट देतो. तुमी माह्या पोरीच्या हाती कागद देल्ला, अन् तो कुठं नेते ते सांगतलंच नाही! अन् आता आमालेच हासता?"



"त्या शिबिरात चिठ्ठ्या मीच वाटल्या होत्या, साहेब," जमनी सिस्टर म्हणाल्या. "एका दिवसात तीनशे. एकीलाही विचारलं नाही, बाई, समजलं का? आपण शब्द फेकून मोकळे होतो, भोगतं हे लेकरू. यांना हसायचा हक्क आपल्याला नाही!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग ते खुर्ची ओढून ममतापाशी बसले. चिठ्ठीच्या पाठीवर एक गोल काढला, एक विळा काढला. सुगतनं पाणी भरपूर प्यायचं, गोळी चुकवायची नाही, ताप आला तर तडक दवाखाना गाठायचा, हे सांगितलं. "आता तुम्ही मला सांगा ताई, काय समजलं?"

ममतानं एकेक गोष्ट सांगितली. शेवटी हळूच म्हणाली, "आणि माझ्यात दोष नाही."

"नाही. चूक आमची झाली."

"माहीबी झाली," धर्मपाल म्हणाले. "सारी जिनगी लोकायले इचारत आलो, अन् या कागदावर माही नोकरी काहून लिवली, हे डॉक्टरले इचाराची लाज वाटली."

वाचकहो, रोगाचं नाव कागदावर लिहिलं म्हणजे सांगणाऱ्याचं काम संपत नाही, आणि कागद घडी करून पेटीत ठेवला म्हणजे आपलंही संपत नाही. न कळलेला शब्द विचारायला लाजू नका. आणि ज्यांच्या हाती ज्ञान आहे, त्यांनी तो विचारणाऱ्याला हसू नये.

तेव्हापासून दवाखान्याच्या थांब्यावर कोणी हातात कागद घेऊन चढलं, की धर्मपाल आधी विचारतात, "यात काय लिवलं, समजलं काय?"

"नाही बा."

"मंग उतरा. इचारून या. तोवर घंटी देत नाही मी."