दोन फोन कपाटात

प्रमोदिनीबाईंचा फोन आणि मधुकररावांचा फोन एकाच दुकानातले, एकाच रंगाचे. पण तिचा दिवसभर साळुंकीसारखा कलकलायचा आणि यांचा देवळातल्या कासवासारखा गप्प.

"तुम्हा बायकांना व्यसनच लागलंय," मधुकरराव म्हणाले. "अकरा ग्रुप! त्यातले चार तर नुसत्या वरणफळांचे."

"आणि तुम्ही? सकाळपासून फोनवर कॅरम!"

"तो खेळ आहे. डोक्याला व्यायाम."

"डोक्याला कसला, मानेला!"

ऋजुता, त्यांची सून, डबा भरता भरता हसली. "आई फोनमध्ये माणसं शोधायला जातात आणि बाबा माणसं चुकवायला. व्यसन दोघांनाही आहे. आज दिवसभर दोन्ही फोन कपाटात. चावी माझ्याकडे." आणि खरंच कुलूप लावून, चावी पर्समध्ये टाकून ती ऑफिसला गेलीसुद्धा.

हसण्यावारी नेलं, तरी 'माणसं चुकवायला' हे शब्द प्रमोदिनीबाईंच्या मनात कुसळासारखे रुतले. निवृत्त झाल्यापासून नवरा आतून सुकत चालला होता. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात अख्खं खातं ज्याच्या हसण्याने दणाणायचं, तो माणूस आता "हं" आणि "वाढ" एवढंच बोलायचा. विहीर आटली की कळशी बुडत नाही, नुसती आपटते, तशी तिची गत झाली होती. काय बोलावं, कशाने याला पाझर फुटावा?

त्या दिवशी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वळताना तिचा हात पाच वेळा कमरेला गेला. फोटो काढायचा होता, ग्रुपवर टाकायचा होता. "अगं बाई, मलाही लागलंच आहे की हे!" ती स्वतःशीच हसली. दारावर मात्र टकटक सुरू झाली. "काकू, ग्रुपवर दिसला नाहीत, बऱ्या आहात ना?" "ताई, सकाळचा फुलांचा फोटो आला नाही तुमचा!" दुपारपर्यंत निम्मी बिल्डिंग येऊन गेली.

मधुकरराव खुर्चीत बसून बघत होते. "तुला विचारायला इतकी जणं," ते हळूच म्हणाले. "मला कोण विचारणार? दापोलीला एक जण आहे म्हणा. रोज फोनवर माझ्याशी खेळतो. त्याला वाटेल, गेला म्हातारा."

"कोण तो? नाव काय त्याचं?"

"खरं नाव कुणाला ठाऊक! खेळात 'दापोलीचा हापूस' म्हणतात त्याला. मी 'एकटा टायगर'."

एकटा. प्रमोदिनीबाईंच्या हातातला लाडू तसाच राहिला.

संध्याकाळी बायका जमल्या. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? मधुकरराव बनियन-लेंग्यावर आतल्या खोलीत दार लोटून बसले. बाहेर अत्तर दरवळलं, वाण लुटलं गेलं, मग नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला. पाळी आली तिसऱ्या मजल्यावरच्या रमाबाईंची. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीहून इथे राहायला आलेल्या, भलत्याच मिश्किल.

"काय सांगू बायांनो, आमच्या ह्यांनी आज दुपारचा चहासुद्धा धड घेतला नाही. खेळायला तो मेला गडी आला नाही म्हणे! ऐका." त्यांनी पदर सावरला.

"मोबाईलच्या कॅरमवर राणीला घालतात पेच,
'दापोलीचा हापूस' म्हणजे आमचे विठ्ठलराव हेच!"

धाडकन आतलं दार उघडलं.

"हापूस? वरच्या मजल्यावर?"

बनियन-लेंग्यातले मधुकरराव भर हळदीकुंकवात उभे! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"अहो, शर्ट!" प्रमोदिनीबाई ओरडल्या.

"वहिनी, ते दापोलीला नसतात?"

"जन्मले दापोलीला. आता असतात वर, खिडकीशी, तोंड पाडून," रमाबाई डोळे विस्फारून म्हणाल्या. "म्हणजे तो मेला गडी... तुम्ही?"

उत्तर द्यायला ते थांबलेच नाहीत. अनवाणी जिना चढत गेले, बनियनवरच. इकडे बायकांनी झटक्यात फोन काढले. कुणी ग्रुपवर लिहितंय, कुणी रिकाम्या दाराचंच शूटिंग करतंय. प्रमोदिनीबाईंचाही हात कमरेला गेला आणि रिकामा परत आला.

म्हणून तिलाच आधी ऐकू आलं. वर दार उघडलं. "हापूस!" मधुकररावांची हाक. कुणीतरी "टायगर?" म्हणालं. मग ते हसू. गडगडत, जिन्याच्या पायऱ्यांवरून उड्या मारत खाली येणारं, कारखान्यातलं, जुनं, भरघोस हसू. त्याच्या मागोमाग दुसरं, अनोळखी, तेवढंच मोठं.

कुंकवाचा करंडा हातात घेऊन ती उभीच राहिली.

"ताई, आता तुमची पाळी, घ्या नाव!" सगळ्यांनी गलका केला.

तिने तोंड उघडलं. पाठ केलेली ओळ हसण्यात वाहून गेली.

"मधुकरराव," ती एवढंच म्हणाली.

"अय्या, आणि यमक कुठंय?"

"आज नुसतंच नाव," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि रमाबाईंच्या कपाळाला त्यांनी बोटभर जास्तच कुंकू लावलं.